वडील नाहीत, तरी वडिलांची डीएनए टेस्ट

माझे वडील गेले ३० सप्टेंबर १९९३ ला आणि माझा जन्म १८ जून १९९४ चा. लातूर-धाराशिवकडच्या माणसाला पहिली तारीख सांगितली की पुढं काही बोलावं लागत नाही, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं झाले होते हे आमच्याकडं भूकंपानंतर जन्मलेल्या पोरांनाही पाठ असतं. आदल्या रात्री गणपती विसर्जन, लोक उशिरा घरी येऊन गाढ झोपलेले, आणि घरं सगळी माळवदाची, दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर दरवर्षी मातीचा थर देऊन देऊन जड झालेलं छत, उन्हाळ्यात त्याच्याखाली गारवा छान राहतो पण ते एकदा खाली आलं की माणूस मातीतच गुदमरतो. वडील आणि आजोबा तसेच गेले. आजी एका तुळईच्या आडोशाला अडकली म्हणून निघाली. काका ११ वर्षांचा, तो लातूरला हॉस्टेलवर होता म्हणून वाचला. आणि आई माहेरी होती.

हे जे "आई माहेरी होती" आहे ना, त्याच्यावर आमच्या घरात तीस वर्षं कुजबुज चालली. महालक्ष्म्या उठल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी वडिलांनी तिला एसटीनं माहेरी आणून सोडलं, दोन रात्री राहिले, आणि विसर्जनाला गावात पाहिजे म्हणून परत गेले. नंतर आई गावात पोचली तेव्हा सामूहिक अंत्यसंस्कार होऊन गेले होते, तिला त्यांचं तोंडही बघायला मिळालं नाही. मग ती आजीजवळ पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. नोव्हेंबरात तिला कळलं की दिवस गेलेत, जानेवारीत लोकांना कळलं, आणि लोकांनी बोटं मोजायला सुरुवात केली. शेडच्या आजूबाजूला तेव्हा बाहेरची किती माणसं, जवान, मदतवाले, ठेकेदारांचे मजूर. कुणीतरी एक वाक्य टाकलं आणि ते गावभर झालं. आई बाळंतपणाला माहेरी आली ती परत सासरी राहायला गेलीच नाही. दुसरं लग्नही केलं नाही.

मी बारावीला जीवशास्त्राच्या पुस्तकात वाचलं होतं की गर्भ राहिल्यापासून बाळ यायला साधारण २६६ दिवस लागतात. त्या रात्री कॅलेंडर नव्हतं म्हणून वहीत महिने मांडून उलटे मोजत गेले आणि पेन येऊन थांबला २५ सप्टेंबर १९९३ वर. म्हणजे महालक्ष्म्या उठल्यानंतरचेच दिवस. ते पान मी अजून जपून ठेवलंय. पण वहीतल्या हिशोबाला बाहेर कोण विचारतं.

ह्या सगळ्यावर लिहायचं का नाही हे ठरवायला मला वर्ष लागलं. आईला विचारलं, ती म्हणली लिही, फक्त गावाचं नाव टाकू नको. लिहायचं कारण असं की आमच्यासारखी घरं भरपूर आहेत, बाप गेलेला आहे किंवा निघून गेलेला आहे आणि लेकराला विचारलं जातं की तू कशावरून आमचा, आणि मग कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ बघून म्हणतं डीएनए करा, चुलत्याचं घ्या, चुलतभावाचं घ्या, जुळलं तर जुळलं. हे असं नसतंय. नातेवाइकांवरून बापाची खात्री करता येते, पक्की करता येते, पण कुठला नातेवाईक घेतला आणि सोबत कुणाला घेतलं ह्याच्यावर सगळं आहे. चुकीचा माणूस घेतला तर खरी लेक खोटी ठरू शकते आणि खोटीही खरी ठरू शकते. आमच्या घरात ते थोडक्यात टळलं.

झालं असं की गावाकडच्या शेतातून रस्ता जाणार आणि मोबदल्याची नोटीस आली. सातबाऱ्यावर आजोबांच्यानंतर आजी आणि काका, माझं नाव नाहीच. मी तलाठ्याकडं वारस नोंदीचा अर्ज दिला, फेरफार निघाला, आणि त्याच्यावर हरकत आली. हरकतीवर सही काकाची. काका वाईट माणूस नाही, त्याच्यामागं बोलणारी तोंडं वेगळी होती, पण सही त्याचीच होती आणि मजकुरात एक ओळ होती की सदर अर्जदार ही मयताची मुलगी असल्याबाबत शंका आहे. सरकारी मराठीत ती ओळ फार थंड दिसते. ती मी आईला दाखवली नाही, पण तिनं माझ्या पर्समधून काढून वाचली.

वकीलसाहेबांकडं गेले तर ते म्हणले, ताई तुम्हाला टेस्टची गरजच नाही. पुरावा कायदा १८७२ चा, कलम ११२, नवऱ्याच्या मृत्यूनंतर २८० दिवसांच्या आत मूल झालं आणि आईनं दुसरं लग्न केलेलं नसलं तर ते मूल त्याच नवऱ्याचं, हा कायद्याच्या दृष्टीनं निर्णायक पुरावा. तो कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यात हेच कलम ११६ झालंय. त्यांनी तिथंच मोजलं, ३० सप्टेंबर ते १८ जून, २६१ दिवस. हिंदू उत्तराधिकार कायद्यात आधी मेलेल्या मुलाची मुलगी पहिल्या वर्गातली वारस आहेच, आणि पोटात असलेल्या लेकरालाही जन्मलेल्या लेकराइतकाच हक्क, त्याचं कलम २०. दोघं नवरा-बायको त्या काळात एकमेकांना भेटूच शकत नव्हते असं समोरच्यानं सिद्ध करायचं, तुम्ही नाही.

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सुप्रीम कोर्टानं १९९३ मध्येच सांगून ठेवलंय की कुणीही उठून मागितली म्हणून रक्ताची तपासणी लावायची नाही, २०२३ मध्ये परत सांगितलं की नवरा-बायकोच्या भांडणात लेकराची डीएनए टेस्ट सरसकट करायची नाही. पण २०१४ च्या एका निकालात असंही आहे की खरा डीएनए रिपोर्ट समोर आलेला असेल तर तो कायद्याच्या गृहीतकापेक्षा वरचढ. म्हणजे ताई, वकीलसाहेब म्हणले, २८० दिवसांचं कलम तुमची ढाल आहे, आणि टेस्ट करायला जाताना ती ढाल तुम्ही स्वतः खाली ठेवताय, विचार करून करा.

मी घरी आले. आई ताटात तुरीची डाळ निवडत बसली होती. मी समोर बसून मीही निवडायला लागले. बऱ्याच वेळानं म्हणलं, आई, आजीचं आणि माझं डीएनए करायचा विचार आहे. तिनं हात थांबवला नाही.

"तुला शंका हाय का?"

"मला नाही गं. मला लोकांसमोर कागद ठेवायचाय."

"कागद ठेवला मनून लोक गप बसतेत का."

"नाही बसणार. पण काका बसेल. आणि माझ्या लेकराला उद्या कुणी विचारायचं नाही."

ती डाळीतले खडे एका बाजूला करत राहिली. शेवटी ताट उचललं आणि म्हणली, "कर. माजं बी घे मनतेत का? तर घे. पर आत्याबाईला तरास देऊ नको."

आत्याबाई म्हणजे माझी आजी. इथं थांबून सांगायला पाहिजे, कारण आमची केस अवघड झाली ती ह्याच्यामुळं. आमच्याकडं मामाची पोरगी करायची रीत आहे, मराठवाड्यात तर घरोघरी. माझी आई म्हणजे आजीच्या सख्ख्या भावाची मुलगी. म्हणजे माझे वडील कुणीही असते, तरी आजी ही माझ्या आईची आत्या आहेच आणि माझं नि आजीचं रक्ताचं नातं आईकडूनही आहेच. नुसतं "आजी आणि नात जुळतात का" असं विचारलं तर थोडंफार जुळणारच!

हे माझ्या डोक्यात आधी आलंच नव्हतं, आणि मी स्वतः ज्युनियर कॉलेजला बायोलॉजी शिकवते, सीएचबीवर, म्हणजे तासिकेप्रमाणे मानधनावर का होईना. डोक्यात आलं ते काकाच्या मुलामुळं. तो तेव्हा बारावी सायन्सला, मनानं फार सरळ पोरगा. घरातलं वातावरण त्याला सहन होत नव्हतं, त्यानं मला गुपचूप फोन केला, ताई मी सॅम्पल देतो, तुझं नि माझं टेस्ट करू, जुळलं की मी पप्पांना दाखवतो. मला रडायलाच आलं. लगेच हो म्हणणार होते. मग रात्री कागद घेऊन बसले, त्याचं नि माझं नातं काढायला, आणि जसजशा रेघा ओढल्या तसतसा घाम फुटला.

आता हे जरा नीट सांगते. माणसाला ४६ गुणसूत्रं, २३ आईकडून २३ बापाकडून. बाप-लेक निम्मे सारखे. आजी-नात, चुलता-पुतणी, आत्या-भाची, सावत्र भावंडं, ही सगळी सरासरी २५ टक्के. चुलतभावंडं साडेबारा टक्के. आपल्याकडं लॅबमध्ये नेहमी जी टेस्ट होते तिच्यात वीस-बावीस जागा बघतात, त्या जागांवर चार-चार अक्षरांचा एकच तुकडा परत परत आलेला असतो, कुणाच्यात ११ वेळा, कुणाच्यात १४ वेळा, आणि प्रत्येकाकडं अशा दोन दोन संख्या, एक आईची एक बापाची. बाप समोर असेल तर वीस जागा भरपूर झाल्या, प्रत्येक ठिकाणी बापाची एक संख्या लेकरात पाहिजेच. पण चुलतभावंडांत साडेबारा टक्क्यांच्या हिशोबानं वीस जागांवर काय कळणार? सख्खी चुलतभावंडं असूनही अनोळखी माणसांसारखी दिसू शकतात. लाखो जागा बघणारी चिपवाली टेस्ट असते, तिच्यात चुलत नातं चांगलं पकडता येतं, पण आमच्या केसमध्ये तिथंही घोळ, कारण तो माझ्या आईच्या आतेभावाचा मुलगा, म्हणजे आईकडूनही माझा भाऊ लागतोच. जुळलं असतं तरी बोलणारे बोललेच असते, आणि वीस जागांच्या टेस्टमध्ये नाही जुळलं असतं तर माझ्या आईच्या कपाळावर छापील कागद चिकटला असता. एका चांगल्या पोराच्या चांगल्या मनानं!

त्याच्या डोक्यात वाय गुणसूत्र होतं, पुस्तकात तेच असतं ना, बापाकडून मुलाला जसंच्या तसं. ते खरं आहे आणि मुलगा असेल तर त्याच्यासारखं सोपं काही नाही, वडील नसले तर आजोबा, चुलता, चुलतभाऊ, बापाच्या बाजूचा कुठलाही पुरुष चालतो. अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन, त्यांना त्यांच्याच गुलाम बाईपासून, सॅली हेमिंग्जपासून, मुलं झाली का हा वाद दोनशे वर्षं चालला, आणि १९९८ मध्ये तो कशावर तपासला तर जेफरसनच्या चुलत्याच्या वंशातल्या पुरुषांच्या वायवर, कारण त्यांच्या स्वतःच्या लग्नाच्या बायकोपासून मुलाचा वंश पुढं चाललाच नव्हता. सॅलीच्या धाकट्या मुलाच्या वंशजाशी ते जुळलं. पण त्यातही मर्यादा बघा, वाय एवढंच सांगतं की जेफरसन घराण्यातला कुणीतरी पुरुष, नेमका कुठला ते सांगत नाही, ते ठरवायला तो त्या काळात कुठं होता वगैरे कागदपत्रं लागली. आणि मी तर मुलगी. माझ्यात वायच नाही. भावानं कितीही सॅम्पल दिलं तरी ते जुळवायला माझ्याकडं काही नाही.

मुलीला मार्ग दुसरा आहे, आणि तो आजीतून जातो. मला हे इतकं सुंदर वाटलं की त्या रात्री झोप आली नाही. मुलीकडं दोन एक्स, एक आईचा एक बापाचा. बापाकडं एक्स एकच असतो, त्यामुळं तो सगळ्या मुलींना तोच देतो, बदल जवळजवळ नाही. आणि बापाला तो कुठून मिळाला? त्याच्या आईकडून. म्हणजे माझे वडील जर आजीचा मुलगा असतील तर माझ्या दोन एक्सपैकी एक पूर्णच्या पूर्ण आजीकडून आलेला आहे, तिच्या दोन एक्सचे तुकडे मिळून बनलेला, पण तिच्या बाहेरचं त्यात काही नाही. तपासलेल्या प्रत्येक जागेवर वडिलांकडून आलेली माझी संख्या आजीच्या दोन संख्यांपैकी एक असलीच पाहिजे. बाप मातीत गेला, त्याचा फोटोही एकच लग्नातला राहिला, तोही पाणी लागून खराब झालेला, आणि त्याचा एक्स मात्र दोन बायकांमध्ये जिवंत, एक त्याला जन्म देणारी आणि एक त्यानं कधी न बघितलेली.

पण वडिलांकडून आलेली संख्या कुठली हे कसं ओळखायचं? आईची आधी बाजूला काढून. म्हणून आईचं सॅम्पल घ्यायचंच, आमच्यासारख्या नात्यातल्या लग्नात तर त्याच्याशिवाय पाऊलच टाकायचं नाही, कारण आईचा एक एक्स तिच्या वडिलांकडचा, ते आजीचे भाऊ, म्हणजे आजीचे तुकडे आईमधूनही माझ्यात येऊ शकतात. लॅबच्या मॅडमना मी फोनवर नातं सांगितलं तेव्हा त्या म्हणल्या बरं झालं सांगितलं, हे फॉर्मवर लिहा, आकडेमोड त्याप्रमाणे करावी लागते. जी लॅब नात्याचं काही विचारतच नाही तिच्याकडं अशी टेस्ट देऊ नका, हे मी तळमळीनं सांगते.

बापाशिवाय बाप शोधायची ही गोष्ट नवीनही नाही. १९८४ मध्ये इंग्लंडात लेस्टरला अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी डीएनए फिंगरप्रिंट शोधलं आणि १९८५ मध्ये पहिल्यांदा ते वापरलं ते घाना देशातून आलेल्या एका मुलाच्या केसमध्ये, सरकार म्हणत होतं हा ह्या बाईचा मुलगाच नाही, आणि वडील तर सापडतच नव्हते. तर त्यांनी आई आणि बाकीच्या तीन भावंडांच्या रक्तावरून न दिसलेल्या बापाचा नमुना जुळवून काढला आणि पोरगं आईला मिळालं. भारतात हे काम हैदराबादला सीसीएमबी ह्या पेशी आणि रेणू जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत डॉ. लालजी सिंग यांनी उभं केलं, तेही पट्टेरी मण्यार सापाच्या डीएनएवरून तयार केलेला प्रोब, म्हणजे जुळणारा डीएनए हुडकणारा तुकडा, वापरून, आणि भारतातल्या कोर्टातली सुरुवातीची केस केरळातली, पितृत्वाचीच. हैदराबाद म्हणजे निजामाच्या काळात आमची राजधानी, आजोबांच्या वडिलांना कागदासाठी तिकडं जावं लागायचं असं आजी सांगते.

मॅडम म्हणल्या, आजी, आई, तुम्ही, आणि वडिलांचं भावंड मिळालं तर अजून पक्कं होईल. कोर्टात वापरायचं असेल तर घरी काडी फिरवून पाठवलेलं चालत नाही, त्यांचा माणूस येणार, ओळखपत्र, फोटो, अंगठा, साक्षीदार, समोर सील. खर्च माझ्या दोन महिन्यांच्या मानधनाएवढा होता, तो मी भिशीतून काढला.

आजीकडं मी स्वतः गेले. पुनर्वसन झालेल्या गावातलं ते घर, सरळ रस्ते आणि एकसारखी घरं, अजूनही तिथं आजीला दिशा कळत नाही म्हणते. पंच्याहत्तरी कधीच ओलांडलीय. मी सगळं सांगितलं, एक्स-वाय नाही, एवढंच की आजी तुझ्या तोंडातून जरा कापूस फिरवून घ्यायचाय, त्यातून कळतंय मी तुझ्या लेकाची हाव का नाही. तिनं माझ्याकडं बघितलं.

"मला काय इचारायलीस? तुजा पाय बघ की. आंगठ्याजवळचं बोट त्येच्यावानीच लांब हाय. तू पाळण्यात व्हतीस तवाच बगितलंय म्या."

मला हे माहीतच नव्हतं. तिनं बघितलं होतं, आणि तीस वर्षं कुणाला बोलली नाही. का बोलली नाही असं मी विचारलं तर म्हणली, माज्या बोलण्याला कोण इचारतंय माय, घरात दोनच माणसं राहिलेली, धाकटं लेकरू सांभाळायचं का भावकीशी भांडायचं. ते मला तेव्हा पटलं नाही. आता थोडं पटतं. पण एक सांगते, दरवर्षी सुगी झाली की आजीकडून आमच्याकडं एक पोतं ज्वारी यायचं, एसटीच्या टपावर टाकून, कंडक्टरला सांगून, वर चिठ्ठी तिच्या भावाच्या नावची. माझ्या लहानपणी मला वाटायचं ती आजोळची ज्वारी आहे, बहिणीनं भावाला पाठवलेली. ती माझी होती हे मला फार उशिरा कळलं.

सॅम्पलच्या दिवशी सकाळी आजीला मिश्री लावू नको म्हणलं तर ती कासावीस झाली, तासभर आधी काही खायचं-लावायचं नाही असं सांगितलेलं. चूळ भरायला लावली दोनदा. लॅबचा पोरगा हातमोजे घालून बसला, लांब काडीला कापसासारखा बोळा, गालाच्या आतून घासायचा, अर्धा मिनिट, दोन्ही बाजूंनी, अशा चार काड्या. आजीला दात नाहीत तर गाल आत गेलेला, पोरगा घाबरत घाबरत करत होता, ती म्हणली, घास की लेका, मी काय काचेची हाव का. काड्या हवेवर वाळू दिल्या, पंखा बंद करून, मग कागदी पाकिटात, प्लास्टिकमध्ये नाही कारण ओल राहिली की बुरशी धरते. पाकिटावर तिचा अंगठा घेतला. शाईचा अंगठा तिनं पदराला पुसला.

काका दारात उभा होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. आजीनं फक्त एवढंच म्हणलं, "तू बी दे." तो आत आला, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तोंड उघडलं. मी दुसरीकडं बघितलं, मला त्याच्या डोळ्याकडं बघवत नव्हतं.

रिपोर्टला साधारण महिना लागला. पंधरा पानं. एक्सच्या १२ जागांपैकी बाराही ठिकाणी माझी वडिलांकडची संख्या आजीत सापडली. एक जागा सांगते म्हणजे कळेल, आईकडं १९ आणि २४, माझ्याकडं २४ आणि २८, आजीकडं २२ आणि २८. आईनं २४ दिला, म्हणजे २८ वडिलांचा, आणि तो आजीकडं आहे. मी त्या २८ वर किती वेळ बोट ठेवून बसले असेन. बाकीच्या जागा धरून, आणि आई-आजीचं नातं हिशोबात घेऊन शेवटी शक्यता लिहिलेली, ९९.९ च्या वर. अशी शक्यता कधीच शंभर लिहीत नाहीत, त्याला घाबरायचं नाही. आणि एखाद्या जागी एका आकड्याचा फरक पडला तरी लगेच नाही म्हणत नाहीत, पिढी बदलताना तेवढी चूक निसर्गात होते.

पण काकाच्या नावाखाली एक्सच्या १२ पैकी ५ ठिकाणी माझं नि त्याचं जुळलेलं नव्हतं. त्यानं तेच पान आधी उघडलं, चेहरा पांढरा पडला त्याचा. मी म्हणलं काका थांब, आजीकडं दोन एक्स, तुला आणि तुझ्या भावाला तिनं वेगवेगळे तुकडे दिले, तुझ्यात जे आलं नाही ते त्याच्यात आलं आणि त्याच्याकडून माझ्यात. सख्ख्या भावांतही एक्स असाच निम्मा-निम्मा वेगळा असतो. विचार करा, आजी नसती आणि नुसत्या काकाचंच सॅम्पल घेऊन हे पान समोर आलं असतं तर? म्हणून म्हणते, मुलीसाठी वडिलांची आई हयात असेल तर आधी तिचं सॅम्पल घेऊन ठेवा. उशीर करू नका. आमच्याकडची ती पिढी चाललीय.

एक गोष्ट लपवून ठेवणार नाही. आजीवरून एवढंच सिद्ध होतं की माझा बाप हा आजीचा मुलगा. कुठला मुलगा, ते नाही. तिला मुलगे दोनच, आणि दुसरा तेव्हा ११ वर्षांचा, लातूरच्या हॉस्टेलवर, शाळेच्या हजेरीपटात त्याचं नाव आहे. जिथं दोन-तीन मोठे भाऊ असतील तिथं हे ध्यानात ठेवा, तिथं नुसत्या टेस्टवर भागत नाही.

काकानं हरकत मागं घेतली. त्याला कुणी सांगितलं नाही, त्यानं स्वतः अर्ज लिहिला, पोराकडून शुद्धलेखन तपासून. फेरफार मंजूर व्हायला अजून तीन महिने गेले, ते तहसीलचं तसंच असतं. मोबदल्यातला माझा वाटा बँकेत आहे, त्याला मी हात लावलेला नाही. आईला रिपोर्ट दिला तेव्हा तिनं चष्मा लावून पहिलं पान वाचलं, मधली पानं उलटली, शेवटची सही बघितली आणि भूकंपग्रस्ताचा दाखला ज्या पत्र्याच्या पेटीत आहे त्याच पेटीत ठेवून दिला. काही बोलली नाही. संध्याकाळी तिनं पुरण घातलं, सण नव्हता काही.

मागच्या महिन्यात ज्वारीचं पोतं आलं. तसंच, एसटीनं, सुतळीनं तोंड शिवलेलं. वर चिठ्ठी काकाच्या पोराच्या अक्षरात, माझं नाव, मधे माझ्या वडिलांचं नाव, मग आडनाव. आईनं सुतळी सोडली, ओंजळीत ज्वारी घेतली, चाळणीसारखी बोटांतून सोडत बघितली आणि म्हणली, यंदा दाणा बारीक हाय, पाऊस कमी झाला आसंल तिकडं.